चित्ररामायणाचा जीर्णोद्धार व पाठनिश्चितीचा प्रश्न

ता. २४ जानेवारी २०२५ रोजीं ‘रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ हा हातानें काढलेल्या चित्रांचा बोलपट, ज्यास आपल्याकडे सरसकट कार्टून म्हणतात, दुरुस्त व स्वच्छ करून भारतांतील चित्रपटगृहांत नव्यानें लावण्यांत आला. त्यानंतर कांहीं दिवसांनीं आमचे एक जुने विद्यार्थी, जे हल्लीं आंबेगांव तालुक्यांत घोडेगांवास असतात, एक व्हिडिओ कॅसेट घेऊन आमच्याकडे जुन्नरास आले. हाच चित्रपट त्यांनीं लहानपणीं टेलिव्हिजनवरून त्या फितीवर उतरून घेतला होता. नवी प्रत ते पुण्यास पाहून आले होते. तिच्या रंगांची त्यांनीं तोंड भरून स्तुति केली, पण उठतां उठतां म्हणाले, “गुरुजी, चित्र तेंच आहे, पण रावण दुसराच बोलतो.” हें वाक्य आमच्या मनांतून जाईना. मग आम्हींही पुण्यास जाऊन नवी प्रत पाहिली, घरीं फीत लावून पाहिली, व दोहोंचा मेळ घालतां जें दिसलें तें या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहों. पोथ्या व दफ्तरें धुंडाळणाऱ्या मंडळीस हा विषय प्रथमदर्शनीं परका वाटेल. आमच्या मतें तो त्यांच्याच घरचा आहे.

प्रथम ग्रंथपरिचय. या चित्रपटाचे कर्ते युगो साको हे १९८३ साली भारतांत आले ते डॉ. बी. बी. लाल यांनीं अलाहाबादजवळ चालविलेल्या उत्खननावर एक माहितीपट तयार करण्याच्या निमित्तानें. रामायणांतील स्थळांचा पुरातत्त्वीय शोध हा लाल यांचा उद्योग, आणि गुह निषादाचें शृंगवेरपूर हें त्यांतील प्रमुख स्थळ. म्हणजे या चित्रांचें बीज एका खणतींतून निघालें, ही गोष्ट आमच्या वाचकांस गोड वाटल्याखेरीज राहणार नाहीं. भारत सरकारशीं सहकार्य जुळून न आल्यानें बहुतेक काम जपानांतच झालें. तरी दिग्दर्शनांत साको व कोइची सासाकी यांच्या बरोबरीनें आपले राम मोहन होते. मुंबईस फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग १९५६ च्या सुमारास निघाला, तेथें डिस्ने कंपनींत काम केलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखालीं तयार झालेल्या पहिल्या पिढींतले हे गृहस्थ. संगीत वनराज भाटिया यांचें. सुमारें ४५० कलावंतांनीं जवळजवळ एक लक्ष चित्रें काढून रंगविलीं व १९९२ साली चित्रपट पुरा झाला. साको २०१२ मध्यें व राम मोहन २०१९ मध्यें वारले. तेव्हां जीर्णोद्धार होऊन चित्रपट पुनः लोकांपुढें आला त्या वेळीं ‘हा रंग तुम्हांस असाच हवा होता काय’ असें त्या दोघांस विचारण्याची सोय उरली नव्हती. हस्तलिखिताच्या संपादकाची जी नित्याची अडचण, तीच येथेंही.

आतां पाठांकडे वळूं. या एकाच चित्रावलीस निदान चार वाचिक पाठ आहेत. पहिला इंग्रजी, यांत संवाद इंग्रजी, पण गीतें संस्कृत, आणि तीं रचलीं वसंत देव यांनीं, ज्यांनीं मराठी नाटकें हिंदींत नेलीं. दुसरा जुना हिंदी. यांत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा, सीतेचा नम्रता साहनी यांचा, रावणाचा अमरीश पुरी यांचा, निवेदन शत्रुघ्न सिन्हा यांचें, आणि गीतें पी. के. मिश्रा यांचीं, हिंदी. तिसरा अमेरिकेंतील, ‘द प्रिन्स ऑफ लाइट’ या नांवाचा. ही संक्षिप्त वाचना असून तिचें निवेदन जेम्स अर्ल जोन्स यांनीं केलें व राम ब्रायन क्रॅन्स्टन यांच्या वाणीनें बोलतो. चौथा २०२५ चा. यांत हिंदी, तमिळ व तेलुगु संवाद नव्यानें ध्वनिमुद्रित केले असून त्यांच्या घडणीवर व्ही. विजयेंद्र प्रसाद यांची देखरेख होती.

पहिल्या पाठाविषयीं दोन शब्द अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाहीं. इंग्रजी संवाद आणि मध्येंच संस्कृत गीत ही जोडी प्रथम ऐकतां आम्ही हंसलों. नंतर विचार केला तेव्हां आपल्या नाटकांचाच दाखला आठवला. तेथें राजा संस्कृत बोलतो, नायिका शौरसेनींत उत्तर देते, आणि तीच नायिका गाऊं लागली कीं महाराष्ट्री प्राकृत धरते. बोलण्याची भाषा एक व गाण्याची दुसरी, हा आपला जुना रिवाज एका जपानी माणसाच्या चित्रपटांत अनवधानानें कां होईना पाळला गेला. जुन्या हिंदी पाठांत हा गुण नाहीं. पण त्या पाठाचें बळ निराळें आहे, तें पुढें सांगूं.

चित्रांच्या शुद्धीबद्दल आम्हांस बहुतांशीं समाधान आहे. जुना टेलिव्हिजन ५७६ दृश्य ओळींत चित्र मांडी, आणि घरगुती फितीवर त्यांतलाही बारकावा अर्ध्याहून कमी उरे. नव्या प्रतीच्या एका चौकटींत ३८४० गुणिलें २१६०, म्हणजे सुमारें ८३ लक्ष बिंदु असतात. कुंभकर्णाचा प्रसंग आमच्या फितींत मातकट धुक्यासारखा दिसतो. नव्या प्रतींत डोंगरांवरील कुंचल्याचे फटकारे मोजून घ्यावे. ज्यांनीं हें केलें त्यांच्या श्रमास आम्ही नमस्कार करतों. मात्र स्वच्छता किती करावी याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा पोथ्यांच्या व्यवहारांतून चांगली समजते.

पोथीचा लेखक चुकलेलें अक्षर हरताळानें झांकीत असे, हें वाचक जाणतातच. ‘हरताळ फासणें’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. पण कधीं कधीं पुढच्या पिढीचा एखादा उत्साही मालक न कळलेल्या शुद्ध अक्षरावरही हरताळ फांसतो. चित्रांतली धूळ काढणाऱ्या यंत्राची गत अशीच आहे. सेकंदास २४ चौकटी फिरतात. परंतु चित्रकार बहुधा दर दोन चौकटींस एक चित्र काढतो. चित्र पारदर्शक तावावर असतें, आणि छायाचित्र घेते वेळीं त्या तावावर एखादा धूलिकण बसला तर तो लागोपाठ दोन चौकटींत उमटतो. पुढें फिल्मवर पडलेली धूळ किंवा ओरखडा एकाच चौकटींत दिसतो. पहिला डाग हा लेखकाच्या हातून सांडलेल्या शाईसारखा, ग्रंथाच्या जन्माबरोबरचा. दुसरा कसरीच्या भोंकासारखा, मागाहून लागलेला. आमच्या मतें दुसरा काढावा, पहिला राहूं द्यावा. यंत्र शेजारच्या चौकटी ताडून पाहतें व जें एकाच चौकटींत आढळेल तें मळ समजून पुसतें. आतां बाण सुटला, तलवार फिरली, म्हणजे वेगामुळें एखादी शाईची रेघ एकाच चौकटीपुरती असते. यंत्रास रेघ व ओरखडा यांतला भेद कळत नाहीं. सोबत डोळस माणूस नसेल तर बाणाची दांडीच नाहींशी होते. अमेरिकेंतील जुनीं कार्टूनें घरगुती व्हिडिओसाठीं उजळतांना असें वारंवार घडलें, आणि तुटक्या रेघांचीं तीं चित्रें पाहून संग्राहक हळहळले. आपल्या चित्ररामायणांत असा ढळढळीत अपघात आमच्या नजरेस आला नाहीं. परंतु एकदां पडद्यावर पाहून एक लक्ष चित्रांची ग्वाही कोण देईल?

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तेथील मालिकांची कथा थोडी सांगतों, कारण घरगुती प्रकाशनाचा अनुभव त्यांस आपल्याहून पुष्कळ अधिक. वॉर्नर कंपनीनें आपलीं जुनीं कार्टूनें ‘ब्लू रिबन’ या शिक्क्यानें पुनः दाखवावयास काढलीं तेव्हां आरंभींच्या मूळ नामपट्ट्या कापून नव्या जोडल्या. अनेक ठिकाणीं मूळ निगेटिव्हच कापली गेल्यानें कोणीं दिग्दर्शन केलें, कोणीं चित्रें काढलीं, हा मजकूर गेला. पोथीची पुष्पिका फाडून नवें पान डकवावें तसा हा प्रकार. पुढें २००३ पासून डीव्हीडीचे संच निघूं लागले तेव्हां या उणिवेची चर्चा वाढली. कांहीं नामपट्ट्या खासगी संग्राहकांच्या सोळा मिलिमीटर प्रतींवरून हातीं लागल्या, कांहीं अद्याप लागल्या नाहींत. ‘सिम्प्सन्स’ मालिकेचा प्रकार अधिक हास्यास्पद. तिचे जुने भाग जवळजवळ चौकोनी पडद्यासाठीं काढलेले. २०१९ साली डिस्ने कंपनीनें ते रुंद पडद्यास बसावेत म्हणून वरून व खालून कापून दाखविले. एका भागांत तीन निरनिराळ्या नांवांच्या बिअरच्या टाक्या असून तिन्हींना बिअर एकाच नळांतून येते असा विनोद आहे. वरची कड कापतांच नळ गेला आणि विनोदही गेला. ओरड झाल्यावर मे २०२० मध्यें मूळ आकार परत मिळाला. आंबेगांव तालुक्यांतील एका घरीं ‘रामविजया’ची एक पोथी आम्हीं पाहिली आहे, पानें सारखीं दिसावींत म्हणून बांधणाऱ्यानें समास कापले व समासांतल्या तीन पिढ्यांच्या टिपा कातरणांत गेल्या. तिला मात्र मे २०२० लाभला नाहीं.

‘टॉम अँड जेरी’च्या बाबतींत प्रश्न वेगळा होता. २०१३ साली निघावयाच्या संचांतून कंपनीनें काळ्या लोकांचें विडंबन असलेलीं दोन चित्रें वगळण्याचें ठरविलें. संग्राहकांनीं तक्रार केली आणि तो संचच रद्द झाला. तें विडंबन हीन आहे यांत आम्हांस शंका नाहीं. तरी तें टीप देऊन छापावें, पान फाडूं नये, असेंच आम्ही म्हणूं.

हीं सारीं उदाहरणें डोळ्यांचीं झालीं. आमच्या विद्यार्थ्याची तक्रार कानाची होती, आणि आमच्या मतें तीच मुख्य आहे. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन संस्थेनें १९८९-९० मध्यें काढलेली मोगलीची ५२ भागांची मालिका दूरदर्शननें १९९३ साली ‘द जंगल बुक’ या नांवानें हिंदींत दाखविली. शीर्षकगीत गुलजार यांचें, संगीत विशाल भारद्वाज यांचें, आणि शेरखानाच्या तोंडीं आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. त्या वर्षीं आम्ही जुन्नर तालुक्यांत शिकवीत होतों. सोमवारीं पहिल्या तासास रघुवंश काढावा तर मागच्या बांकावर शेरखान गुरगुरत असे. (बघीराचें मात्र आमच्या मुलांस विशेष कौतुक नव्हतें, ज्या तालुक्यांत उसांत बिबट्या निघतो आणि माणिकडोहास बिबट्यांसाठीं निवारा केंद्र काढावें लागलें, तेथें तो प्राणी चित्रांत पाहण्याची हौस कोणास?) आतां समजा, उद्यां जपानांत मूळ निगेटिव्हवरून ही मालिका लखलखीत केली, तर तींत नाना पाटेकर असतील काय? त्यांचा आवाज त्या निगेटिव्हवर कधींच नव्हता. तो इकडच्या फितींवर होता. चित्राची मूळ प्रत तोकियोंत आणि आपल्या मुलांनीं ऐकलेल्या पाठाची मूळ प्रत इकडे, अशी ही दुहेरी परंपरा आहे. एकीच्या शुद्धीनें दुसरीचें रक्षण आपोआप होत नाहीं.

चित्ररामायणाचें नेमकें हेंच झालें. २०२५ मध्यें जें हिंदी लोकांनीं ऐकलें तें नवें आहे. तें अशुद्ध आहे असें आमचें म्हणणें नाहीं. उच्चार स्वच्छ आहेत, ध्वनि मोठ्या सभागृहास शोभेसा आहे. पण अरुण गोविल हे १९८७-८८ च्या दूरदर्शन रामायणांतले राम. तोच आवाज चित्रांतल्या रामास देण्यांत त्या काळची एक समजूत, एक अर्थनिर्णय होता. अमरीश पुरी २००५ साली निवर्तले; त्यांचा रावण पुनः ध्वनिमुद्रित होणें नाहीं. तो पाठ गेला तर त्या पाठाचा साक्षीदार गेला.

याचा निवाडा कसा करावा हें शिकण्यास आपणांस परदेशीं जावयास नको. पुण्यास भांडारकर संस्थेंत डॉ. सुकथनकरांनीं महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढतांना जो दंडक घातला तो पाहावा. संपादकाचा निश्चय पक्का नसेल तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ. जो मजकूर संहितेंत घेतला नाहीं तो तळटीपांत किंवा परिशिष्टांत, पण छापलेला. गणपतीनें भारत लिहून घेतल्याची कथा आदिपर्वाच्या परिशिष्टांत गेली. ओझरचा विघ्नहर व लेण्याद्रीचा गिरिजात्मज ज्यांच्या तालुक्यांत आहेत त्या आम्हां जुन्नरकरांस याचें वाईट वाटलें हें कबूल करतों. पण कथा परिशिष्टांत आहे. ज्यास पाहावयाची तो पान उलटून पाहतो. १९६० ते १९७५ या काळांत बडोद्यास वाल्मीकिरामायणाची जी आवृत्ति निघाली तींतही वगळलेले श्लोक असेच जपून ठेविले आहेत. वाल्मीकीच्या शब्दांस जो न्याय मिळाला तो त्याच्या चित्रांच्या शब्दांस कां मिळूं नये?

आणखी एक दाखला घाटमाथ्यावरचा. नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राजघराण्याच्या प्रतिमा कोरल्या होत्या. आज त्या नाहींत; कांहींच्या पावलांच्या खुणा आहेत आणि वर ब्राह्मींत नांवें आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका व श्री सातकर्णि, महारठी त्रनकयिर, इत्यादि. प्रतिमा नाहीं, पण ती कोणाची होती हें सांगणारी ओळ शाबूत आहे. उद्यां कोणी कुशल पाथरवटानें तेथें नव्या सुबक मूर्ति बसविल्या तर त्या कितीही देखण्या असोत, वरील नांवें त्यांचीं होतील काय? भिंतीवरील लेखांत जेथें अक्षरें उडालीं तेथें भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनीं जागा मोकळीच सोडली. त्या मोकळ्या जागांचा विश्वास धरूनच आपण उरलेलीं अक्षरें वाचतों.

नवी भर घालूंच नये असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. एकनाथांचें भावार्थरामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायाशीं थांबलें व पुढील भाग गावबानें पुरा केला, हें परंपरा उघड सांगते. सांधा लपविलेला नाहीं, म्हणून गावबास कोणी चोर म्हणत नाहीं, आणि नाथांचा शब्द कोठें संपला हेंही कळतें. २०२५ चें हिंदी हें गावबाचें काम आहे असें समजून त्याचा आदर करावा. फक्त नाथांचे ४४ अध्याय बाजूस सारून ते गावबाच्या हातून पुनः लिहवून घेऊं नयेत.

निर्मात्यांची बाजू आम्हांस दिसते. तीस वर्षांपूर्वींचा ध्वनि आजच्या चित्रपटगृहांतील यंत्रांत केविलवाणा वाटतो. नटांचे, गायकांचे व कंपन्यांचे हक्क तपासण्यास वेळ व पैसा लागतो. आणि नव्या मुलांस नवा आवाज रुचतो. चित्रपटगृहापुरतें हें सारें मान्य. तेथें एका वेळीं एकच आवाज लावतां येतो. घरगुती प्रकाशनास ही सबब चालणार नाहीं. साध्या डीव्हीडीवर एका चित्रास आठ ध्वनिपट्ट्या व ब्लू-रे तबकडीवर बत्तीसपर्यंत जोडतां येतात. संस्कृत गीतांसह इंग्रजी, जुनें हिंदी, नवें हिंदी, तमिळ, तेलुगु, इतकें सारें एका तबकडींत मावून जागा उरते. अमेरिकेंतील संक्षिप्त वाचना कापलेली असल्यानें ती या चित्रांवर नीट बसणार नाहीं. ती दुसऱ्या तबकडींत द्यावी. जुन्या हिंदीचा ध्वनि घासलेला असेल तर घासलेलाच द्यावा. जुन्या पोथीस कोणी नव्या शाईनें गिरवीत नाहीं. आणि सोबत एक टांचण असावें: चित्र कोणत्या फिल्मवरून घेतलें, रंग कोणत्या पुराव्यावर ठरविले, कोणत्या चौकटी दुसऱ्या प्रतीवरून भरून काढल्या. चार पानें पुरतात. तेवढीं छापलीं तर तें प्रकाशन आवृत्ति या नांवास पात्र होईल. नाहीं तर ती एक सुंदर नक्कल.

शेवटीं त्या फितीचें वर्णन, कारण मूळ साधनाची नोंद राहिली पाहिजे. व्हीएचएस कॅसेट एक, काळी, झांकणास तडा. चिठ्ठीवर बालबोध अक्षरांत ‘रामायन कारटून, पुसू नये’ असें निळ्या शाईनें लिहिलें आहे. शुद्धलेखनाची जबाबदारी आमच्याकडेच येते. घोडेगांवच्या पावसानें फितीच्या कडेस पांढरी बुरशी धरली आहे. ती चालविण्याचें यंत्र मिळविण्यास आम्हांस दोन महिने लागले, कारण असलीं यंत्रें बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्यानेंही २०१६ साली काम थांबविलें. चित्र तीन ठिकाणीं फाटतें, मध्यें साबणाच्या व बिस्किटांच्या जाहिराती आहेत, त्या आम्हीं नक्कल करतांना जाणून बुजून ठेविल्या. अमरीश पुरींचा रावण प्रारंभापासून वधापर्यंत स्पष्ट ऐकूं येतो. आरंभींचीं सुमारें अकरा मिनिटें मात्र नाहींत. यंत्र उशिरा सुरू झालें असें विद्यार्थी सांगतात, म्हणजे शत्रुघ्न सिन्हांचें आरंभींचें निवेदन या प्रतींत खंडित आहे. फीत व तिची संगणकीय नक्कल दोन्ही आमच्याकडे जुन्नरास आहेत. या चित्रपटाच्या जुन्या हिंदी पाठाची आरंभ शाबूत असलेली दुसरी फीत किंवा तबकडी कोणा वाचकापाशीं असेल तर त्यांनीं त्रैमासिकाच्या पत्त्यावर कळवावें. दोन्ही प्रती ताडून पुढील अंकीं पाठभेद देऊं.